एवढं पोटात घाल

रंगारी आले म्हणून हे सगळं उघडकीला आलं. नाहीतर मी अजून त्या खिडकीपाशीच बसून ताईचे गोडवे गात राहिले असते.

आमच्या लॅबच्या भिंतींना ओल धरली होती. खिडकीकडच्या भिंतीचे पापुद्रे माझ्या टेबलावर पडायला लागले, तेव्हा ताईनं रंगाऱ्यांना बोलावलं आणि मला म्हणाली, "काम होईपर्यंत आतल्या खोलीत बस, कुरकुर करू नकोस." ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण आणि त्या लॅबची प्रमुख. तिथे तिला सगळे मॅडम म्हणतात. मीही म्हणायचा प्रयत्न करायचे, पण दर दोन वाक्यांनी तोंडातून 'ताई' निसटायचंच. माझं ऐकून नवीन आलेली मुलंही तिला ताई म्हणायची आणि जीभ चावायची.

आतली खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, तीही मनात येईल तेव्हा पेटणारी. मी कुरकुर केलीच. माझा स्वभावच तसा आहे. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं आई म्हणायची, आणि आई गेल्यावर ते म्हणायचं काम ताईनं घेतलं.

आमचं काम पोटाचं. आतड्याच्या अस्तराखाली शरीराच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. रोज इतकं परकं अन्न आणि इतके जंतू त्यांच्या नाकासमोरून जातात, तरी त्या सहसा कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत. त्यांना शांत ठेवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे ट्रिप्टोफॅन. हे अमिनो आम्ल अंड्यात असतं, दुधात असतं, दाण्यांत असतं. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, खावंच लागतं. त्यातलं थोडं आतड्यातले जंतू फोडतात आणि त्याचे काही तुकडे पेशींमधल्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतात. हा रिसेप्टर महाचौकस. धूर म्हणू नका, काजळी म्हणू नका, भाजीपाला म्हणू नका, बाहेरचं जे काही आत येईल त्याचा वास घेत बसलेला असतो. जंतूंनी केलेल्या तुकड्यांचा वास आला की पहारेकऱ्यांना सांगतो, ओळखीची मंडळी आहेत, काठ्या खाली ठेवा. ज्यांच्या आतड्याला कायमची सूज असते, त्यांच्या पोटात हे तुकडे कमी पडतात असं दिसतं. मग पहारेकरी घरच्यांनाच बडवत सुटतात.

ताईची कल्पना साधी होती आणि सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. त्यातला एक तुकडा थोडा बदलून टिकाऊ करायचा आणि कॅप्सूलमधून पोटात पाठवायचा. त्याची पिवळसर पूड व्हायची, म्हणून लॅबमध्ये तिचं नाव पडलं 'पिवळी'. खवळलेल्या पहारेकरी पेशींच्या प्लेटमध्ये पिवळीचं पाणी टाकलं की त्या गरीब गाय व्हायच्या. हे प्रयोग माझ्या हातचे. उंदरांमध्येही फरक दिसला होता, पण काठावर पास. प्लेटमधले निकाल मात्र असे की पाहुणे शास्त्रज्ञ खुर्चीतून उठून पडद्याजवळ येऊन बघायचे. त्या निकालांच्या जोरावर समोरच्या हॉस्पिटलात माणसांवरची ट्रायल सुरू झाली. अट एकच होती. सूज दाबणारं जुनं इंजेक्शन बंद करायचं आणि फक्त कॅप्सूलवर राहायचं.

त्या ट्रायलमध्ये माझी दोन माणसं होती. एक माझा पाठचा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, पण दारातून आत येताना मान वाकवावी लागते इतका उंच. शाळेत असल्यापासून त्याचं आतडं सुजलेलं. ताईनं हा विषय घेतला तोच त्याच्यामुळे, असं ती भाषणात सांगायची आणि तेव्हा तिचा आवाज कापायचा. दुसरी माझी नणंद.

वन्सं गाडी चालवायला शिकवतात. माझ्या नवऱ्याहून मोठ्या, लग्न केलं नाही, बोलणं गिअर टाकल्यासारखं खाडखाड. त्यांनाही तोच आजार. त्यांच्या शिकवणीचा प्रत्येक रस्ता स्वच्छ संडासावरून जायचा. त्यांचे विद्यार्थी गाडी मागे घेऊन लावायला कुठे शिकले, तर पेट्रोल पंपावर आणि वाचनालयासमोर. "शास्त्रीणबाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "हे तुझं औषध घेऊ का? खरं सांग. मला डॉक्टरांचं कळत नाही, तुझं कळतं." मी म्हणाले, "घ्या. मी स्वतःच्या हातांनी बघितलंय." त्यांनी दुसऱ्याच दिवशी सह्या केल्या आणि इंजेक्शन सोडलं.

बारक्या ट्रायलमध्ये फुलला. वजन वाढलं, गालांवर रंग आला, नवीन पँटी शिवाव्या लागल्या. वन्संचं मात्र उलटं होत गेलं. आधी पोटात मुरडा, मग रक्त. मी ताईला विचारलं, तेव्हा ती संगणकावरून नजर न उचलता म्हणाली, "सुरुवातीला होतं असं. सांग त्यांना, थोडी कळ काढा. बारक्याकडे बघ की." मी बारक्याकडे बघितलं आणि वन्संना सांगितलं, थोडी कळ काढा. त्यांनी काढली. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं की त्या सांगायच्या, ठीक चाललंय. मी त्यांना शब्द दिला होता ना.

तर आतली खोली. तिथे बसल्यापासून माझा एकही प्रयोग जमेना. पिवळी टाकली तरी पेशी खवळलेल्याच. मी पेशी बदलल्या, पिवळीचा नवा डबा उघडला, हातमोजे बदलले, मशीनला शिव्या घातल्या. लॅबमधला एक पोरगा म्हणाला, "वास्तू लाभली नाही तुम्हाला." मी त्याच्यावर डाफरले. पण दुपारी डबा खाताना त्याचंच वाक्य डोक्यात घोळायला लागलं. वास्तू बदलली तर बदललं काय? पेशी त्याच, पिवळी तीच, हात माझेच. तिकडे काय होतं जे इकडे नाही?

खिडकी.

पेशी ज्या गुलाबी पाण्यावर वाढतात त्याला आम्ही मीडिया म्हणतो. साखर, मीठ, अमिनो आम्लं, सगळं त्यात असतं. अर्थात ट्रिप्टोफॅनही असतं. पिवळी गार मीडियात विरघळत नाही, गुठळ्या होतात. मीडिया कोमट करायला लॅबमध्ये एकच वॉटर बाथ, आणि त्यावर सकाळच्या नळावर असते तशी गर्दी. म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती. पिवळीसाठी लागणारी बाटली खिडकीत उन्हाला ठेवायची. कंट्रोलच्या, म्हणजे पिवळी न टाकलेल्या प्लेटना मात्र थेट फ्रीजमधल्या बाटलीतून मीडिया द्यायचा, कारण तिथे विरघळवायचं काही नाही. दोन्ही बाटल्या एकाच खोक्यातल्या, एकाच लेबलच्या. त्यांच्यात फरक असेल हे कोणाच्या स्वप्नात येणार? पावसाळ्यात निकाल बिघडायचे, तेव्हा आम्ही दमट हवेवर खापर फोडून मोकळे व्हायचो.

मी एक बाटली घेतली, रंगाऱ्यांच्या शिडीखालून वाकून गेले आणि ती खिडकीत ठेवली. तिच्यात पिवळी टाकलीच नाही. नुसती उन्हात शेकली आणि तो मीडिया खवळलेल्या पेशींवर घातला. निकाल आला तेव्हा मी खुर्चीत बसले होते ते बरं झालं. पेशी गरीब गाय झाल्या होत्या.

पिवळीनं काहीच केलं नव्हतं. जे काही केलं ते उन्हानं. उजेडात ट्रिप्टोफॅनचं थोडंसं रूप पालटतं आणि असा एक पदार्थ तयार होतो की आमचा चौकस रिसेप्टर त्याच्यावर उडीच मारतो. आम्ही इतकी वर्षं एक ऊन दिलेली बाटली आणि एक न दिलेली बाटली यांची तुलना करत होतो, आणि त्या फरकाला औषध म्हणत होतो.

ताईला फोन लावला, तो लागेना. ती कुठल्याशा समितीच्या बैठकीत होती. आणि मला आठवला तो बारक्या. तो इंजेक्शन सोडून त्या पिवळ्या पुडीच्या भरवशावर बसला होता! त्याचं घर लॅबपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मी जवळजवळ पळत गेले.

बारक्या घरूनच काम करतो. दार उघडलं तेव्हा कानात हेडफोन, हातात अर्धं बिस्कीट.

"काय गं, धापा का टाकतेस?"

"कॅप्सूल घेतलीस आज?"

"सकाळी. का?"

"बंद कर. आजपासून बंद. डॉक्टरांना सांगून इंजेक्शन परत चालू करायचंय. मी सांगते सगळं, आधी पाणी दे."

"देतो, तू बस," म्हणत तो माझ्याआधी स्वयंपाकघराकडे निघाला. एरवी हा मुलगा कोणाला पाणी देणारा नव्हे. पाहुण्यांना नळ दाखवतो. पण मला धीर नव्हता. मी त्याला बाजूला सारून फ्रीज उघडला.

दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी, इंजेक्शनची पेनं खोक्यात ओळीनं ठेवलेली होती. मी ती ओळखते. वन्संच्या फ्रीजमध्ये पूर्वी तशीच असायची. मला वाटलं जुनी राहिली असतील. एक उचललं. वरची तारीख ताजी होती आणि खोक्यातली निम्मी जागा रिकामी होती.

बारक्या बिस्कीट हातात तसंच धरून उभा राहिला.

"तू इंजेक्शन घेतोयस?"

त्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि परत कप्प्यात ठेवलं.

"अरे बारक्या, तू इंजेक्शन घेतोयस!"

"ताईनं सांगितलं," तो म्हणाला. "चिडू नकोस ना. ती म्हणाली, कॅप्सूल घे, पण इंजेक्शन सोडू नकोस. हॉस्पिटलात बोलू नकोस आणि तुला तर मुळीच बोलू नकोस."

"कधी सांगितलं?"

"आधीच. ट्रायल सुरू व्हायच्या आधी."

मला ते कळायला वेळ लागला. माझ्या डोक्यात अजून असं होतं की खिडकीचं गुपित मी आज दुपारी शोधलंय आणि ताई बिचारी बैठकीत बसलीय, तिला मी कशी सांगू, तिचं किती मोठं नुकसान. रस्ताभर मी तिच्यासाठी हळहळत आले होते. आणि ताईनं ट्रायल सुरू व्हायच्या आधीच बारक्याला सांगितलं होतं, सोडू नकोस.

"मग तुझं वजन वाढलं ते..."

"इंजेक्शननं," तो म्हणाला. "मला वाटलं तुला कळलं असेल गं. तू एवढी हुशार."

मी त्याला मारलं नाही, कारण हात पोचला नसता. याच्या गालांवरचा रंग बघून मी वन्संना कळ काढायला सांगत होते. हा समोर बसून जेवत होता, मी म्हणत होते बघा बारक्या कसा सुधारला, आणि हा मान खाली घालून वरण ओरपत होता. लहानपणी याच्या शर्टाचं बटण मी लावायचे!

मी तिथूनच वन्संना फोन केला. उचलला माझ्या नवऱ्यानं. मागे गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. "अक्काला घेऊन हॉस्पिटलात चाललोय," तो म्हणाला. "शिकवतानाच चक्कर आली. सीटवर सगळं रक्त आहे गं. तू ये."

मी पोचले तेव्हा वन्संना आत नेलं होतं. नवरा कागदपत्रांसाठी खिडकी-खिडकी फिरत होता. कॉरिडॉरमध्ये भिंतीला चिकटवलेल्या निळ्या खुर्च्या, एक बिघडलेलं चहाचं मशीन आणि टोकाला पोटाच्या डॉक्टरांची खोली. आतून बाहेर आलेली नर्स म्हणाली की औषधांवर थांबण्याची वेळ गेली आहे, सर्जन बघताहेत, बहुतेक मोठं आतडं काढावं लागेल. मी म्हणाले, "किती?" ती म्हणाली, "ते आत उघडल्यावर ठरेल."

मग ताई आली. बारक्यानं तिला फोन केला असणारच. तो बरोबर नव्हता, धाकटे असे वेळेला गायब होतात. ताईच्या बाहीला रंगाचा पांढरा फराटा लागला होता. तिनं आधी विचारलं, "रक्त किती गेलं? हिमोग्लोबिन काय आहे?" मी सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. एक क्षण मला वाटलं की ती रडणार, आणि मी तिला जवळ घेणार. सवय असते.

"खिडकीचं तुला कधी कळलं?" मी विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. बोलली नाही, एवढं तिच्या पदरात टाकते.

"तू आजारी होतीस तेव्हा. तुझे प्रयोग मी करत होते. सगळा आठवडा ढगाळ होता, काहीच येईना. मग ऊन पडलं आणि आलं. मग मी बाटलीला फॉइल गुंडाळून बघितलं."

"तेव्हा ट्रायल सुरू व्हायची होती."

"हो."

"आणि तू होऊ दिलीस."

"हळू बोल." ती माझ्या शेजारी बसली. "ऐक. प्लेटमधलं चुकलं म्हणून पोटातलं चुकेलच असं नाही. उंदरांना थोडा गुण आला होता, तू बघितलायस. प्लेटला काय कळतंय पोटात काय होतं ते? मला वाटलं, माणसांत गुण आला की मग प्लेटचं कोण विचारतंय. माझी खात्री होती गं."

"एवढी खात्री होती, तर बारक्याला का नाही सोडलंस कॅप्सूलवर?"

ती बाहीवरचा रंग नखानं खरवडत बसली. नंतर म्हणाली, "तो आपला आहे गं."

"आणि वन्सं?"

"त्यांना तू आणलंस."

कोणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. मी आणलं होतं, खरंच होतं ते. मी आणलं, कारण तिनं मला जे दाखवलं ते मी खरं धरलं. माझ्याच हातांनी तिनं मला फसवलं होतं आणि आता तेच हात माझ्या नाकासमोर धरत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. इतका वेळ रागानं बोलत होते, पण हे विचारताना आवाज लहान मुलीसारखा झाला. "बारक्याला सांगितलंस. त्याला साधा रिसेप्टर म्हणजे काय ते माहीत नाही. आणि रोज तुझ्या शेजारी बसणाऱ्या मला नाही?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?" ती म्हणाली. दुष्टपणानं नव्हे, अगदी आईच्या सुरात. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच पावली डॉक्टरांच्या खोलीत गेली असतीस."

"म्हणजे मी खरं बोलेन म्हणून मला खोटं सांगितलंस."

"मी तुला ओळखते म्हणून सांगितलं नाही."

पुढे ती जे बोलली ते तिनं येतानाच ठरवलं असावं. वन्संच्या उपचारात काही कमी पडणार नाही, ती स्वतः सर्जनशी बोलेल. ट्रायल ती हळूहळू आवरती घेईल, काहीतरी तांत्रिक कारण काढून, कोणाचं नाव न येता. बारक्याचं बाहेर आलं तर त्या पोराची बदनामी होईल, लॅब बंद पडेल, पंधरा-वीस मुलं रस्त्यावर येतील. "आईमागे तुम्हा दोघांचं सगळं मी केलं," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. "मी कधी काही मागितलं नाही. एवढं पोटात घाल."

आपल्या भाषेत क्षमा पोटात ठेवतात. लहानपणापासून ऐकलेले शब्द. मुलांची चूक आईनं पोटात घालावी, भावाची बहिणीनं घालावी. आणि त्या बंद दारापलीकडे एक माणूस टेबलावर झोपलेलं होतं आणि तिच्या पोटातलं किती ठेवायचं, किती काढायचं, ते चाललं होतं. मी हात सोडवून घेतला.

"माझ्या पोटात राहत नाही काही," मी म्हणाले. "तूच म्हणालीस ना आत्ता?"

आणि मी उठले. त्याच पावली गेले डॉक्टरांच्या खोलीत.

पोटाचे डॉक्टर फाइल चाळत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. प्लेटमधला परिणाम औषधाचा नाही, उन्हात ठेवलेल्या मीडियाचा आहे, आज दुपारी मी स्वतः तपासलंय. ज्या पेशंटचे आकडे सगळ्यात चांगले आहेत तो माझा भाऊ आहे आणि त्यानं इंजेक्शन कधी सोडलंच नाही. "आणि मॅडमना हे आधीपासून माहीत होतं," मी म्हणाले. इतकी वर्षं जिभेवर न बसलेला शब्द कसा सफाईनं बाहेर पडला. दारात ताई येऊन उभी होती, तिनं तो ऐकला.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "खरं आहे?"

ताईनं होकारार्थी मान हलवली.

ते एकदाच म्हणाले, "अहो, बाकीच्यांकडे काय तोंडानं जाऊ मी?" मग त्यांनी फोन उचलला. सगळ्यांच्या कॅप्सूल आजच्या आज बंद, सगळ्यांना तपासणीला बोलवा, जो म्हणेल ठीक आहे त्यालाही बोलवा. ताई दारातून बाजूला झाली. मी तिच्या अंगावरून बाहेर पडले. तिच्या अंगाला अजून तोच साबणाचा वास येत होता, जो आमच्या जुन्या घरात सगळ्यांच्या अंगाला यायचा. मला तिचा राग आला होता हे खरं, पण रागापेक्षा मोठं काहीतरी होतं. मला कोणीतरी घराबाहेर काढून दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि अजून ते नीट कळत नव्हतं.

वन्संचं मोठं आतडं काढलं. पोटावर पिशवी लावली. पुढे कधी ती काढता येईल का, ते सर्जन सांगत नाहीत. त्यांना नीट शुद्ध आली, बोलता यायला लागलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "मी सांगणार आहे, आणि मी एकटीच सांगणार." तो बाहेर जाऊन थांबला. तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता, आणि मी त्याला दोष देत नव्हते.

मी त्यांच्या कॉटशेजारी बसून सगळं सांगितलं. खिडकी, बाटली, फ्रीजमधली पेनं, कॉरिडॉर. काही गाळलं नाही. 'त्यांना तू आणलंस' हेसुद्धा सांगितलं. सांगता सांगता मला इतकं रडू फुटलं की शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी आपला रुमाल पुढे केला. वन्सं छताकडे बघत ऐकत होत्या. चेहरा पिवळट, ओठ सुकलेले, केस कोणीतरी वेडेवाकडे बांधलेले. मला वाटलं आता त्या म्हणतील, चालती हो. म्हणायलाच हवं होतं.

"थांब," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण धाटणी तीच. "भावाला सांगितलं होतं तिनं?"

"हो."

"काय सांगितलं?"

"इंजेक्शन सोडू नकोस म्हणून."

"आणि तुला?"

"मला काहीच नाही. मला म्हणाली, तुमची समजूत काढ."

सलाइन थेंब थेंब पडत होतं. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि असं बघितलं, जसं गाडी पहिल्यांदा बंद पाडलेल्या विद्यार्थ्याकडे बघतात. रागानं नाही, कीव करून.

"मग माझ्यासाठी काय रडतेस, वेडे?" त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला तिनं इंजेक्शन दिलं. तुला कॅप्सूलच दिली की."

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. इतके दिवस मी बारक्याला आणि ताईला आणि मला एकाच बाजूला धरत होते, आणि वन्संना दुसऱ्या. मी तिच्या बाजूची म्हणून शरमत होते, तिच्या बाजूची म्हणून माफी मागायला आले होते. त्या बाजूला मी नव्हतेच. ताईनं आपलं कोण आणि परकं कोण हे केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि तिच्या शेजारच्या टेबलावर बसून, तिला ताई ताई म्हणत, मला त्याचा वासही आला नव्हता.

"पाणी नाही देत मेले," वन्सं म्हणाल्या. "ओठ तेवढे ओले कर."

मी कापूस भिजवला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवला.